मिठाच्या उजेडात काळा पडलेला टॉवेल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि डोळ्यासमोर एकदम लॅबमधला तो स्पिरिटचा दिवा आला.

मी ९४ च्या दहावीचा. घर सोलापूरच्या पूर्व भागात, अण्णा एका डाईंगमध्ये सूत रंगवायचे. नववीत विज्ञानाच्या सरांनी मला सांगितलं, घरून टॉवेलचा तुकडा आण, लालभडक पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडक्यांना चादरी लावून अंधार केला, दिव्याच्या वातीवर चिमूटभर मीठ टाकलं, ज्योत पिवळीधमक झाली आणि तिच्याजवळ टॉवेल धरला तर मागच्या बाकावरून कोणतरी ओरडलं, "अबे, काळा झाला की!"

मिठातल्या सोडियमचा उजेड जवळजवळ नुसता पिवळाच असतो, त्यात लाल नाहीच, मग टॉवेल लाल दिसणार कुठून. सर म्हणाले, प्रत्येक मूलद्रव्याचा असा स्वतःचा उजेड असतो, आणि तो ओळखता आला की सूर्य कशाचा बनलाय ते इथे बसून सांगता येतं. १८३५ मध्ये ऑगस्ट काँत नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलं होतं की तारे कशाचे आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही, आणि पुढच्या पंचवीस वर्षांतच किर्कहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी, प्रिझममधून पसरलेल्या प्रकाशाच्या रंगीत पट्ट्यातल्या रेघांवरून ते ओळखायची रीत बसवली. मला आजही हे सगळ्यात मोठं वाटतं, दुर्बिणीपेक्षाही मोठं, कारण दुर्बीण तारा दाखवते, पण तो कशाचा आहे ते ह्या रेघाच सांगतात.

मग सरांनी फळ्यावर नकाशा काढला. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, आणि ते बघायला जॉन हर्शेल हा इंग्रज अधिकारी कुठे बसला होता तर जमखंडीला! आपल्या विजापूर रोडने सरळ खाली गेलं की विजापूरच्या पुढे येतं ते जमखंडी, वर्गातल्या दोघातिघांचे तर तिकडे नातेवाईक होते. तिकडे गुंटूरला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सन. सूर्य झाकला गेला तेव्हा कडेला ज्या लाल ज्वाळा दिसल्या त्यांच्या प्रकाशात चकचकीत रेघा होत्या, म्हणजे तो तापलेला वायू होता, आणि त्यातली एक रेघ पिवळी. आधी वाटलं ही मिठाचीच, सोडियमची. पण ऑक्टोबरमध्ये लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये ग्रहण नसतानाच ती रेघ पकडली आणि नीट मोजली तर जागा किंचित सरकलेली, सोडियमची ५८९ नॅनोमीटर लहरलांबीच्या आसपास आणि ही ५८७.६ ला. पृथ्वीवर माहीत असलेल्या कशाशीच जुळेना. मग हे नवंच मूलद्रव्य असणार म्हणून त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं, आणि पृथ्वीवर तो सापडला थेट १८९५ मध्ये, रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाला, एका खनिजात. म्हणजे आधी सूर्यात आणि मग सत्तावीस वर्षांनी हातात.

रात्री जेवताना अण्णांना हे सगळं सांगितलं. ट्यूबलाइटमध्ये रंगाची शेड फसवते म्हणून अण्णा प्रत्येक लॉटची लडी बाहेर उन्हात नेऊन बघायचे, आयुष्यभर तेच केलं त्यांनी. भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "पिवळ्यात पिवळं, आणि तरी वेगळं आहे हे कळलं त्याला?"

मी हो म्हटलं.

"मग तो माणूस शेडचा पक्का."