एका तव्याला एक कट्टा

सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात तेवढाही पदरात पडला नाही, तो विषय वेगळा. पण हमीभाव धरला तरी नव्या कोऱ्या लाँगप्ले रेकॉर्डचे तीन हजार रुपये म्हणजे साठ किलोंचा एक भरलेला कट्टा. हा हिशेब मामांचा. लातूरला आमच्याकडे आले होते, टेबलावरचं चौकोनी पुडकं त्यांनी उचलून उलटंपालटं केलं, किंमत विचारली, मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "एका तव्यापायी कट्टाभर सोयाबीन घातलास व्हय रे?"

मी म्हटलं, मामा, मी काही सोयाबीन विकून आणली नाही, पगारातून आणली. ते म्हणाले, "पगार काय वरून पडायलाय का?" यावर आमच्या घरात आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

मामांना रेकॉर्डींचं वावडं आहे असं नाही, उलट आहे. त्यांच्या तरुणपणी गावात रेकॉर्डी असायच्या त्या एकट्या लाऊडस्पीकरवाल्याकडे. आहुजाचा ॲम्प्लिफायर, बॅटरी, लिंबाच्या फांदीला बांधलेले दोन कर्णे आणि पत्र्याच्या पेटीत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. लग्न असो, जावळ असो, सप्ताह असो, पहाटे पहिली रेकॉर्ड लागली की गावाला कळायचं, आज कुणाकडे तरी चूल मोठी पेटणार. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज शिवेपलीकडच्या गावातही जायचा, आणि तिथला माणूस खुरपं बाजूला ठेवून ऐकायचा. सुई अडकायला लागली की लाऊडस्पीकरवाला तिच्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचा. वजनानं सुई रेघेत बसायची, रेकॉर्ड मात्र तेवढीच जास्त घासायची. त्याला त्याची फिकीर नव्हती. रेकॉर्ड त्याच्या धंद्याचं हत्यार होतं, आणि हत्यार झिजतंच.

मामांची खरी तक्रार किमतीची नसावी असं मला वाटतं. त्यांच्या काळी एक रेकॉर्ड चार गावं ऐकत होती, माझी रेकॉर्ड मी दार लावून, आवाज बारीक करून एकटाच ऐकतो, कारण वरच्या मजल्यावरच्या काकूंना दुपारी झोप लागते. चार गावांत वाटलेला खर्च आणि एका माणसावर पडलेला खर्च यांत फरक असणारच.

आता रेकॉर्ड एवढी महाग का, हे मामांना समजावण्याच्या भानगडीत मी पडलो. ती बनते कशी, इथून सुरुवात केली. आधी लाखेसारख्या लेपाच्या गुळगुळीत तबकडीवर गाण्याची रेघ कोरतात, तिच्यावर चांदीचा पातळ थर देतात, मग निकेल चढवून उलटा ठसा काढतात आणि त्या ठशांमध्ये गरम प्लास्टिकचा गोळा दाबतात. दाबायला अर्धं मिनिट लागतं. सगळा खर्च त्याच्या आधीचा. आणि हा आधीचा खर्च शंभर प्रती काढा नाहीतर दहा हजार काढा, जवळपास तेवढाच. म्हणजे मोठ्या गायकाला रेकॉर्ड स्वस्तात पडते आणि ज्याला शंभरच गिऱ्हाइकं आहेत त्या बारक्या गायकाला महागात. मामा म्हणाले, "हे तर औषधफवारणीसारखंच झालं. दहा एकरवाल्याला परवडती, दोन एकरवाला मरतो." मी पुढचं वाक्य गिळलं. ते मामांनीच बोलून टाकलं होतं.

त्यात जगात रेकॉर्डींना पुन्हा बरे दिवस आले. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त नग विकल्या गेल्या, १९८७नंतर पहिल्यांदाच. मागणी वाढली, पण कारखाने मधल्या काळात मोडीत निघालेले. कोरायच्या तबकड्या बनवणारे मोठे कारखाने जगात मोजून दोन, एक कॅलिफोर्नियात, एक जपानमध्ये. त्यातला कॅलिफोर्नियाचा अपोलो मास्टर्स फेब्रुवारी २०२०मध्ये जळून गेला. लागलीच महामारी आली, घरात कोंडलेल्या लोकांनी रेकॉर्डी मागवायला सुरुवात केली. दाबण्याचा सगळ्यात मोठा कारखाना चेक प्रजासत्ताकात. तिथून निघालेली रेकॉर्ड जहाजभाडं, आयातकर, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा अंगावर घेत लातूरपर्यंत येते. कधीकाळी आपल्याकडेच, कोलकत्याजवळ डमडमला एचएमव्हीच्या कारखान्यात देशभरच्या रेकॉर्डी दाबल्या जायच्या. अलीकडे मुंबईत पुन्हा दाबायला लागलेत म्हणे, तर भाव उतरतील अशी आशा करायला हरकत नाही. तुरीच्या भावाबद्दल आपण दरवर्षी करतोच.

नवी परवडत नाही तर जुनी घ्यावी. त्यासाठी संभाजीनगरचा जाफर गेटचा रविवारचा बाजार. तिथं नळाच्या तोट्या, सायकलची चेन, मोबाइलचे चार्जर, दोन वेगळ्या जोड्यांतले बूट आणि या सगळ्यांच्या मधे अचानक रेकॉर्डींची चळत. पूर्वी ही चळत भंगारवाल्याला ओझं वाटायची. आता त्याच्या खिशातही मोबाइल आहे आणि मुंबईत कोणती रेकॉर्ड कितीला जाते हे त्याला माझ्याआधी कळतं. एक कव्हर फाटलेली, कडेला चिरा गेलेली रेकॉर्ड मी हातात घेतली तर म्हणाला, "आठसौ." मी म्हटलं, चाचा, ही वाजायचीसुद्धा नाही. "बजाना काय कू साब? दीवार पे लगाव." लोक खरंच लावतात. संभाजीनगरला एका हॉटेलात मी भिंतभर रेकॉर्डी चिकटवलेल्या पाहिल्यात. त्यात एक नाट्यगीतांचीही होती, डोसा येईपर्यंत मी तिच्याकडे बघत बसलो.

चाचांशी घासाघीस करून मी ती चिरा गेलेली रेकॉर्ड पाचशेला घेतली. घरी येताना मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. या पाचशेतले गायिकेला किती? शून्य. तिच्या वारसांना? शून्य. पाचशे चाचांचे, आणि ज्याच्या माळ्यावरून ती निघाली त्याला चाचांनी दिले असतील वीस. बाई ज्या दिवशी गाऊन आल्या, त्यांचा हिशेब त्या दिवशीच मिटला. मी त्यांच्या चाहत्यांमध्ये माझी गणती करतो, त्यांच्या दोन-चार रेकॉर्डी शोधून शोधून घेतल्या, आणि माझ्या चाहतेपणाचा एक रुपयाही त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेलेला नाही.

गौहर जानचं बरं होतं. १९०२ साली कोलकत्यात इंग्रज कंपनीसाठी त्या गायल्या तेव्हा एका बैठकीचे तीन हजार रुपये मागून घेतले, असं सांगतात. सोनं वीस-पंचवीस रुपये तोळा होतं तेव्हाची ही गोष्ट. पैसे मोजून घ्यायचे, तीन मिनिटांत गाणं संपवायचं आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत ठणकावून सांगायचं. आज तेवढ्याच रुपयांत त्या एका बैठकीऐवजी एक रेकॉर्ड येते.

मोबाइलवर ऐकलं तर गायकाला पैसे जातात ना, असं आमचा मुलगा म्हणतो. जातात, पण एका ऐकण्याचा हिशेब रुपयांत बसत नाही, पैशांत करावा लागतो. आणि २०२४पासून स्पॉटिफायनं नियम केलाय की ज्या गाण्याला वर्षभरात हजार ऐकणी मिळत नाहीत त्याला रेकॉर्डिंगच्या हक्काचे पैसेच नाहीत. हजार हा आकडा मुंबईत किरकोळ असेल. आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या भजनी मंडळानं भैरवी गाऊन टाकली तर हजार ऐकणी व्हायला अख्ख्या तालुक्याला कामाला लावावं लागेल. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क कंपनीला गिळता येणार नाही अशी सोय झाली, फार चांगलं झालं. पण देवीच्या आराध्यांची गाणी, गोंधळातली आख्यानं, जात्यावरच्या ओव्या यांचा कवी कुठं शोधायचा? त्या खात्याला नावच नाही.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा आमच्याकडच्या गायकांना दोन दिवस बरे दिसले. रेकॉर्ड काढायला मुंबईची कंपनी लागायची, कॅसेट एखाद्या खोलीतही निघायची. भीमगीतं, आराधी गाणी, कव्वाल्या, सगळ्यांच्या कॅसेट गावोगावच्या यात्रांत विकायला आल्या. पैसे बहुतेक एकरकमी, कागदावर एक अंगठा किंवा सही, पुढे लाखभर कॅसेट खपो की पाच लाख. पण कॅसेटमुळे नाव झालं की सुपाऱ्या वाढायच्या, आणि गायकाचं घर सुपारीवर चालतं. आजही चालतं. माळेगावच्या यात्रेत तमाशाच्या फडवाल्यांना विचारा, मोबाइलवर कितीजणांनी पाहिलं हे ते सांगणार नाहीत, चैत्रातल्या तारखा किती लागल्या हे सांगतील.

आणि इथं आमच्या मराठवाड्याची एक सवय मला फार हुशारीची वाटते, जरी ती पाहताना डोकं उठतं. भीमजयंतीचा गाण्याचा कार्यक्रम घ्या. गायक अगदी रंगात आलेला, तान वर चढलेली, आणि कुणीतरी स्टेजवर चढून पन्नासची नोट पुढे करतो. गायक तिथंच थांबतो. अमुक नगरचे अमुक यांच्याकडून पन्नास रुपये, त्यांचा आभारी आहे. मग तान पुन्हा तळापासून. पाच मिनिटांनी दुसरा चढतो, त्याला पहिल्याच्या वरचं नाव हवं असतं, म्हणून शंभर. एका कार्यक्रमात तर एकाच गाण्यात पाहुण्यांची इतकी नावं आली की गाणं कशावर होतं ते मी विसरलो. संगीताच्या जाणकारानं कपाळाला हात लावावा असा प्रकार. पण नोट ऐकणाऱ्याच्या हातातून निघाली आणि गाणाऱ्याच्या पेटीवर पडली, मधे चेक प्रजासत्ताक नाही, जहाज नाही, भंगारवाला नाही.

सप्ताहात मात्र ही पारदर्शकता नाही. कीर्तनकार महाराजांच्या पाकिटाची चर्चा महिनाभर पारावर चालते, त्यांच्या मागे टाळ घेऊन उभ्या असलेल्या गायनाचार्यांच्या पाकिटाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आणि महाराजांचा आवाज बसला की चाल तेच उचलून धरतात.

म्हातारपणाची सोय म्हणून राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं. पूर्वी यापेक्षा कमी होतं, त्यात राष्ट्रीय, राज्य, स्थानिक अशा श्रेण्या होत्या. २०२४मध्ये सगळ्यांना सरसकट पाच हजार झाले, हे मान्य करायला हवं. पण ज्यानं जन्मभर संबळ वाजवला त्याच्या महिन्याची किंमत माझ्या दोन रेकॉर्डींच्याही आत आहे, हे एकदा लक्षात आलं की दुकानात हात जरा अडखळतो. अडखळतो, थांबत नाही. रेकॉर्डीचं वेड असलेल्या माणसाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये.

मी एक घरगुती नियम तेवढा लावलाय. रेकॉर्डीवर जेवढे घालीन तेवढेच वर्षभरात गाणाऱ्याच्या हातात द्यायचे. नियमाला पळवाटा भरपूर आहेत, आणि त्या पळवाटांचा मी पुरेपूर फायदा घेतो. बायकोच्या मते हा नियम म्हणजे खर्च दुप्पट करण्याची युक्ती आहे. तिला खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

गेल्या वर्षी भाच्याचं लग्न झालं. लग्नानंतर गोंधळ घातला, परभणीकडून मंडळी आली होती. परभणी म्हणजे गोंधळमहर्षी राजारामबापू कदमांचा जिल्हा, तेव्हा पाहुण्यांच्या अपेक्षा आधीच वाढलेल्या. मुख्य गोंधळी तिशीतला पोरगा. रात्रभर त्यानं आख्यान लावलं, दिवटी ओवाळली, मधेच नवरदेवाच्या मेव्हण्यांची फिरकी घेतली. संबळ असा वाजला की मामा उठून उभे राहिले. पहाटे बिदागी झाली, चहा झाला. मी त्याच्या हातात माझ्या नियमातले वेगळे पैसे ठेवले, तर म्हणाला, "रोख असू द्या, नसंल तर हे बघा," आणि संबळाच्या पिशवीवर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला.

मी भारावलेलो होतो. म्हटलं, तुमची रेकॉर्ड निघायला पाहिजे, काळी, मोठी, लाँगप्ले, दोन बाजू, पुरं आख्यान. त्यानं नीट ऐकून घेतलं. "किती लागतेत?" मी सांगितलं, शंभराच्या आत प्रती काढत नाहीत, खर्च लाखाच्या पुढे. तो हसला नाही, विचारात पडला. मग म्हणाला, "दादा, आमचं आख्यान रात्रभराचं हाय. तुमच्या एका तव्यात किती बसंल?"

"एका बाजूला वीस-बावीस मिनिटं."

"म्हंजी गणपती, चार देव्या, अन् तवा उलटायचा."

मामा शेजारीच बसले होते. एका आख्यानाला किती तवे आणि किती तव्यांना किती कट्टे, असा हिशेब त्यांनी बशीतला चहा संपायच्या आत करून टाकला. आकडा ऐकून गोंधळ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मला त्याचं कार्ड दिलं. मागच्या बाजूला लिहिलं होतं, मार्गशीर्ष व चैत्रातील तारखा आगाऊ बुक कराव्यात, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा.