आमची वाटचाल : जुन्या चोपड्यांचे स्कॅनिंग आणि स्वतः घडवलेला ड्रायव्हर

जळगावातील आमची छोटी संस्था जुन्या कागदपत्रांचे स्कॅनिंग करते. खानदेशातील अडते, जिनिंगचे मालक आणि सहकारी सोसायट्या यांच्या रोजकीर्दी, खतावण्या आणि क्वचित मोडीतील दस्तऐवज आमच्याकडे येतात. जुना कागद जपण्याची या भागाची परंपरा मोठी आहे. राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ पासून उभे आहे.

जाड शिवणीच्या चोपडीचे पान काचेवर पूर्ण टेकत नाही. स्वस्त, चपट्या स्कॅनरांतील सीआयएस सेन्सर (काचेला लागूनच सरकणारी प्रकाशसंवेदी पट्टी) काचेपासून जरा उचललेला मजकूर पुसट दाखवतो, तर सीसीडी या दुसऱ्या प्रकारचा सेन्सर आणि भिंग असलेल्या यंत्रात शिवणीजवळचे आकडेही वाचता येतात. आमचे जुने सीसीडी यंत्र म्हणूनच आम्हाला सोडायचे नव्हते. उत्पादकाने मात्र विंडोज ७ नंतर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला यंत्र चालवू देणारे सॉफ्टवेअर, काढला नाही, त्या प्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि लिनक्स या खुल्या प्रणालीवर स्कॅनर चालवणाऱ्या सेन (SANE) या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या यादीतही हे मॉडेल नव्हते. धडधाकट यंत्र केवळ सॉफ्टवेअरअभावी भंगारात जावे, हे आम्हाला मान्य नव्हते.

यंत्र उघडल्यावर आत जेनेसिस लॉजिक कंपनीची जीएल८४३ ही स्कॅनर चालवणारी चिप निघाली. तिच्यासाठी सेनमध्ये बॅकएंड (त्या चिपशी बोलणारा कोड) आधीच होता, ही मोठी जमेची बाजू. तरीही प्रत्येक मॉडेलचा सेन्सर, मोटर आणि जोडण्या वेगळ्या असतात. मूळ ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीनमधील (लिनक्सच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकातील) विंडोजवर चालवून, यूएसबीवरून जाणारे संदेश लिनक्समधील यूएसबीमॉन या सोयीने टिपून आम्ही ते वायरशार्क या संदेश उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये वाचले आणि चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये (आज्ञा ठेवण्याच्या कप्प्यात) कोणते मूल्य गेल्यावर दिवा लागतो किंवा मोटर फिरते, हे एकेक करून जुळवत गेलो. स्टेपर मोटरला (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरला) एकदम पूर्ण वेग दिल्यास तिचे टप्पे चुकतात, म्हणून वेग हळूहळू वाढवणारा तक्ता चिपला आधी द्यावा लागतो. लाल, हिरवा आणि निळा रंग टिपणाऱ्या सेन्सरच्या ओळी एकमेकींपासून दूर असल्याने तिन्ही प्रतिमा सॉफ्टवेअरने नेमक्या एकावर एक आणल्या नाहीत, तर अक्षरांना रंगीत कडा येतात. सर्वांत चिकाटीचे काम कॅलिब्रेशनचे, म्हणजे सेन्सरची मोजणी जुळवून घेण्याचे होते: आधी अंधारात आणि मग काचेच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीवर प्रत्येक पिक्सेल मोजून त्यांतील फरक भरून काढला नाही, तर पानभर उभ्या रेघा उमटतात आणि पिवळ्या कागदावरची फिकट शाई त्यांत हरवते.

तयार झालेला कोड आम्ही जीपीएल या खुल्या परवान्याखाली सेन प्रकल्पाकडे पाठवला. तो स्वतःपुरता ठेवला असता, तर प्रणालीच्या प्रत्येक बदलानंतर त्याची डागडुजी आम्हालाच एकट्याने करावी लागली असती. शिवाय ज्यांच्या खुल्या कोडवर आमचे काम उभे राहिले, त्यांचे देणे लागतोच.

आता रोजचे काम याच ड्रायव्हरवर चालते. झाकणातील फिल्मसाठीचा दिवा अजून चालवता येत नाही. फोटो स्टुडिओंकडील जुन्या निगेटिव्ह स्कॅन करण्याची मागणी येऊ लागल्यामुळे सध्या ते काम हाती घेतले आहे.