तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा कॉलेजात का नाही?

आम्ही दोघं न्यू जर्सीत, दोघंही आयटीत, आणि मुलगा युनियनची पाच वर्षांची इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करतोय. एवढं ऐकलं की आवाज खाली आणून प्रश्न येतो, "काही झालं होतं का गं?" काही झालं नव्हतं. डिप्रेशन नाही, गांजा नाही, आमची भांडणं नाहीत. त्याला वायरिंग आवडतं.

मंडळातल्या काकू निदान विचारतात तरी. शाळेत विचारायच्या आधीच सगळं ठरलेलं होतं. अकरावीत त्याने काउंटीच्या व्होकेशनल (कारागिरीचे धंदे शिकवणाऱ्या) शाळेत अर्धा दिवस जायचा फॉर्म आणला, तर काउन्सेलरबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. बाई प्रेमळ, हेच जास्त लागतं. त्याचे गणिताचे मार्क आमच्यापुढे सरकवले. म्हणाल्या, तुमच्यासारख्या घरांतून हा फॉर्म येत नाही. मग चाचरत, घरी पैशांची अडचण आहे का? कुणाची नोकरी गेलीय? नवऱ्याने अशी मान खाली घातली, की खरंच गेली असावी. मी आमच्या डिग्र्या सांगायला लागले. मुलगा शेजारच्याच खुर्चीत होता, त्याला कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी तोच बोलला, "माझ्या मित्राच्या फॉर्मवर तर तुम्ही लगेच सही केलीत." मित्र गोरा, त्याचे वडील प्लंबर. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या मित्राला तरी, तुला कॉलेजात जायचंय का, असं कुणी विचारलं होतं? हे मला फार नंतर सुचलं. त्या दिवशी सही मिळाली आणि आम्ही घरी येईपर्यंत गाडीत कुणी अक्षर बोललं नाही.

ही आपली हुशार म्हणून ख्याती काही रक्तातून आलेली नाही. अमेरिकेच्या १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने दारं उघडली ती डॉक्टर-इंजिनियरांना झुकतं माप देऊन, पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसानेही तेच केलं. निवडलेले तांदूळ पोत्यात भरायचे आणि मग म्हणायचं, यांच्या शेतात खडेच नसतात! २००८ ते २०१९ राष्ट्रीय स्पेलिंग बी या इथल्या मुलांच्या इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेच्या विजेत्यांत दर वर्षी भारतीय वंशाचं मूल होतं. त्या काळात आमच्या पोराला 'तू भाग का घेत नाहीस' असं दोन शिक्षकांनी विचारलं. त्याला 'नेसेसरी'त एस किती हे अजून माहीत नाही.

पण खरं सांगायचं तर याच ख्यातीवर आम्हाला पहिलं अपार्टमेंट मिळालं. क्रेडिट हिस्टरी शून्य, तरी घरमालक म्हणाला, इंडियन लोक भाडं चुकवत नाहीत. तेव्हा मी त्याला 'सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका' असं भाषण दिलं नाही. किल्ली घेतली.

पुण्याहून दोन बॅगा घेऊन आलेली ती मी आज समोर आली तर विचारेल, "एवढं सगळं सोडून आलीस ते पोराने भिंतीत पाइप घालावेत म्हणून?" मी म्हणेन, शिकतानाच पगार मिळतो, डोक्यावर कर्ज नाही. ती म्हणेल, पगाराचं कोण बोलतंय? आणि इथे माझं गाडं अडतं.

त्याच्या जन्मापासून आम्ही ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, कॉलेजसाठी पैसे टाकतोय. २०१९च्या कायद्याने त्यातून नोंदणीकृत अप्रेंटिसशिपची हत्यारंही घेता येतात. मुलाने एकदा विचारलं. नवरा म्हणाला, राहू दे, लागतील कधीतरी. मीही जोर केला नाही. त्याने हत्यारं स्वतःच्या पगारातून घेतली.