पुजारी की मेकॅनिक?

‘भाऊ, अवकाशयानात पुजारी कशाले घुसाडला?’ जळगावच्या वाचनालयात ‘फाउंडेशन’ ही विज्ञानकथा परत करताना एका पोराचा सवाल.

अरे, सगळी गोम त्या पुजाऱ्यातच! १९४२ साली छापून आलेली ही असिमोव्हची कथा. टर्मिनस या ग्रहाकडे फौज नाही, अणुशक्ती आहे. शेजारच्या राज्यांना ती धर्माच्या वेष्टनात मिळते. वीजघरं पुजारी चालवतात. बटणं पाठ, शास्त्राचा पत्ता नाही. बहुतेकांची श्रद्धा मात्र अस्सल, आणि हीच खरी भीतीदायक गोष्ट.

शत्रूची युद्धनौका दुरुस्त करताना टर्मिनसवाले गुपचूप एक रिले, म्हणजे जहाज बंद पाडणारी कळ, बसवून ठेवतात. ऐन स्वारीत पुजारी शाप देतो, जहाज ठप्प. खलाशी सेनापतीवरच उलटतात.

पुढे कोरेल नावाचा देश टर्मिनसच्या धर्मप्रचारकांनाच बंदी घालतो. मग व्यापारी निघतात, घरगुती यंत्रं घेऊन. त्यांच्यावर बंदी कोण घालणार?