श्वास पुरेल तेवढंच बोला

फुफ्फुसाच्या टीबीतून उठलेले शिक्षक वर्गात परततात तेव्हा खोकला थांबलेला असतो, भूकही लागू लागलेली असते, पण चार वाक्यं मोठ्यानं बोलली की दम लागतो. औषधं लागू पडली तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता बरीच घटते; तरी वर्गात कधी जायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या वजनाप्रमाणे आणि रोज. दुसऱ्या महिन्यात बरं वाटतं म्हणून सोडल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. लघवी नारिंगी होते ती या औषधांपैकी रिफाम्पिसिनमुळे, त्याला घाबरू नका. त्यांतल्याच इथॅम्ब्युटॉलकडे मात्र शिक्षकानं खास लक्ष ठेवावं, कारण त्याचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. लाल आणि हिरवा खडू चटकन ओळखू येईना किंवा फळा धूसर दिसू लागला, तर थकवा असेल म्हणून दिवस काढू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट्या, अन्नावरची वासना उडणं, डोळे पिवळे दिसणं यालाही तेच लागू. टीबी रुग्णाच्या आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये आहेत. खासगी उपचार घेणाऱ्यालाही ते मिळतात, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद तेवढी हवी. ते अंडी, शेंगदाणे, डाळी-उसळींवरच खर्च व्हावेत.

आता वर्ग. शाळा मध्येच सुटलेली, ऊसतोडीवरून किंवा वीटभट्टीवरून आलेली तेरा ते सोळा वर्षांची मुलं. यातल्या अनेकांना बाराखडी तोंडपाठ असते. मधल्याच ‘कु’वर बोट ठेवा, गाडी अडते, मग मुलगा ‘क’पासून पुन्हा म्हणत तिथवर येतो. म्हणजे ते पाठांतर आहे, वाचन नव्हे. सगळ्या वर्गाकडून बाराखडी घोकून घेण्यात तुमचा श्वास जातो आणि मुलाच्या पदरात काही पडत नाही.

सुरुवात क, न, म, र, ल आणि काना एवढ्यावर करा. काम, माल, नाका, लाल, मामाला: पहिल्याच दिवशी अर्थ असलेले शब्द वाचता येतात. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं की तो दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. त्यापेक्षा एसटीच्या पाट्या, मुकादमाच्या हिशेबातले शब्द घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर दोन इंच उंचीची अक्षरं काढा. तुम्ही खुर्चीत बसून कार्ड दाखवायचं, वाचायचं मुलांनी. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या एका दिवशी शिकवू नका, आठवडाभराचं तरी अंतर ठेवा. ‘ख’ला ‘रव’ वाचणारी मुलं नेहमी भेटतात. तिथे खालचा जोड रंगीत खडूनं गिरवून दाखवा.

ऱ्हस्व वेलांटी हा खरा अडसर. ती अक्षराच्या आधी लिहिली जाते, ऐकू मात्र नंतर येते. म्हणून ‘दिवस’चं वहीत ‘दविस’ होतं. यात मुलाचा निष्काळजीपणा नाही, तो कानाला ऐकू आलं त्या क्रमानं लिहितो. ‘द’च्या डाव्या बाजूला बोटभर जागा सोडायला लावा, आधी ‘द’, मग त्या जागेत वेलांटी. शिरोरेघ पूर्ण शब्द झाल्यावरच, आणि दोन शब्दांच्या मध्ये पेन उचलूनच.

श्रुतलेखन तुम्ही घालू नका, त्यातच आवाज सर्वात जास्त खर्च होतो. मुलं जोडीनं बसवा: एकानं कार्ड वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, पाच शब्दांनी अदलाबदल. वाचणाऱ्याचाही त्यात सराव होतो. दहा मुलं पुरेत. वीस-वीस मिनिटांचे दोन तास, मध्ये दहा मिनिटं खिडकीजवळ गप्प बसून पाणी. दुसऱ्या तासाला श्वास अडकू लागला तर फळ्यावर शब्द लिहून टाका आणि पट्टीनं टकटक करत एकेक अक्षर दाखवा.