परत गेलेली ताटली

शनिवार, रात्री पावणेबारा

ताटली परत गेली आणि तिच्यात अर्धा मासा होता. उचलताना वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुला नाही आवडला?" मी म्हटलं, "नाही नाही, छान होता." त्या हसल्या आणि ताटली घेऊन आत गेल्या. एवढंच झालं. त्यानंतर अ‍ॅस्परॅगस आलं, बटाटे आले, शेवटी रुबार्बचे शिजवलेले आंबट देठ आले, सगळं मी पुसून खाल्लं. तरी गाडीत बसल्यापासून डोक्यात तेवढी एकच ताटली आहे.

ताटात टाकू नये हे लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे. पण तेवढं कारण पुरत नाही. याआधी किती पंगतींत, किती हॉटेलांत पानात राहिलं असेल, त्याने कधी झोप उडाली नाही.

मासा बाकस्कुल होता. एस्बियर्ग, फानो बेट, रीबे, डेन्मार्कच्या त्या सगळ्या पश्चिम किनाऱ्यावरचा पदार्थ. ईसिंग नावाचा चपटा मासा, आपल्या लेपीच्या जातकुळीतला. डोकं आणि आतडी काढायची, मिठात ठेवायचा, वाळवायचा, मग धुरी द्यायची. उत्तनला बोंबील वलांडीवर टांगले की ऊन त्यांना कडक करतं. इथे उन्हाचा भरवसा नाही, वाळवण्याचं काम वारा करतो. त्यामुळे बाकस्कुल बोंबलासारखा खडखडीत होत नाही, चिवट आणि जरा लवचीक राहतो. तो लोण्यात परतून खातात, आणि चूक व्हायची ती बहुतेक इथेच होते. ताज्या माशात पाणी भरपूर असतं, तव्यावर ते सुटत राहतं आणि मासा थोडा वेळ स्वतःला सांभाळतो. वाळलेल्यात ते पाणीच नाही. आच मध्यम हवी, माशामागे तीस ग्रॅम तरी लोणी हवं, एका बाजूला दोन-तीन मिनिटं, बस. पाच मिनिटं ठेवला की चामडं. मीठही दर खेपेला सारखं नसतं. मासा लहान असला किंवा मिठात जास्त राहिला तर खारट लागतो, मग परतण्याआधी तो पाण्यात ठेवावा लागतो. किती वेळ, ते तुकडा चाखून ठरतं, घड्याळ बघून नाही.

आजचा अगदी जमलेला होता. म्हणून जास्त लागतंय.

मासा टेबलावर आला आणि दादाचा फोन आला. तिकडे साडेदहा वाजून गेले होते, म्हणून उचलला. विषय घराचाच. आत बसून बोलता येईना म्हणून मी बाहेर गेले, छपराच्या वळचणीखाली उभी राहिले. अकरा मिनिटं. काय बोलणं झालं ते आज लिहायचं नाही.

परत आले तेव्हा ताटलीतलं लोणी पांढरं होऊन थिजलं होतं. बाकस्कुल सालीसकट येतो. गरम असताना सुरीचं टोक कडेच्या परांच्या ओळीत सरकवायचं, साल जरा उचलायची आणि हळू ओढायची, कागदासारखी अखंड निघते. सालीखाली जो चिकट थर असतो तो उष्णतेने पातळ झालेला असतो म्हणून ती सुटते. मासा निवला की तोच थर खळीसारखा घट्ट धरतो. मग साल ओढली की तिच्याबरोबर मांस येतं, मांसाबरोबर काटे येतात. नंतरची रीत सोपी आहे: मधल्या रेषेवर चीर द्यायची, वरचे दोन पट्टे दोन्हीकडे सारायचे, मधला काटा शेपटीकडून उचलून एकसंध बाजूला ठेवायचा, खालचे दोन पट्टे तयार मिळतात. पण पहिली पायरी चुकली की पुढचं काही राहत नाही. माझ्या ताटलीत चिंध्या झाल्या. थोडं राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर घेऊन खाल्लं, काटे तोंडात आले, आणि मी सुरी-काटा ठेवून दिला.

सहा आठवडे आधी टेबल राखून ठेवलं होतं. चाळीस मिनिटं गाडी चालवून गेले, दोन्हीकडे सपाट कुरणं, समोर बांध, बांधापलीकडे समुद्र असून दिसत नाही तो. वर्षातून एकदा, फार तर दोनदा जाणं होतं. आणि नेमकी तीच अकरा मिनिटं दादाला सापडावीत. माझी एक संध्याकाळ मला सरळ मिळू नये का? हे मनात आलं आणि तिथेच, त्या ठेंगण्या तुळयांच्या खोलीत, डोळे भरून आले. पुढच्या ताटलीपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढची ताटली पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसची. त्याचे आता थोडेच आठवडे उरले आहेत. २३ जूनला सांक्त हान्सची संध्याकाळ, होळ्या पेटतात, आणि त्या सुमाराला अ‍ॅस्परॅगसची काढणी थांबवायची अशी रीत आहे. रीतीमागे कारण आहे: त्यानंतर कोंब वाढू द्यायचे, त्यांना पिसाऱ्यासारखी पानं फुटतात, आणि ती पानं पुढच्या वर्षाचा साठा मुळांत भरतात. शेवटपर्यंत कापत राहिलं तर पुढच्या वसंतात कोंब बोटाएवढे जाड न येता काडीसारखे येतात. रुबार्बही त्याच सुमाराला थांबवतात.

पांढऱ्या कोंबाची साल जाड आणि धाग्यांची असते. टोकाच्या खालून बुडापर्यंत नीट सोलावी लागते, बुडाकडे तर दोनदा. पातळ सोललं की शिजल्यावर दोरा चावल्यासारखं होतं. सालं फेकायची नाहीत. मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याचा एक तुकडा घातलेल्या पाण्यात आधी ती उकळायची, गाळायची, आणि त्याच पाण्यात कोंब शिजवायचे. जाडीप्रमाणे आठ ते बारा मिनिटं. आज ते बरोबर त्या क्षणी काढलेले होते: काट्यावर उचलले की वाकत होते, मोडत नव्हते.

बटाटे नवे, सुपारीपेक्षा थोडे मोठे. नवा बटाटा ओळखायचा तो अंगठ्याने. खणून एक-दोन दिवस झाले असतील तर साल अंगठ्याने घासून निघते, नंतर ती घट्ट होते आणि सुरी लागते. म्हणून इथे ब्रशने घासून सालीसकटच उकळतात, पाण्यात बडीशेपेसारखा दिसणारा शेपू, त्याचे देठसुद्धा. बारा मिनिटांच्या आसपास. पाणी ओतून टाकल्यावर पातेलं झाकण न ठेवता मिनिटभर तसंच, म्हणजे वाफ निघून जाते आणि लोणी बटाट्याला धरून राहतं. ओल्या बटाट्यावरून लोणी घसरतं आणि ताटलीच्या तळाशी तळं होतं. वर जाडं मीठ. दुसरं काही नाही. शेजारच्या टेबलावर परतलेली रॉडस्पेट होती, तीही चपट्या माशाचीच जात, अजमोद्याच्या पांढऱ्या सॉसबरोबर. सॉस हिरवागार होता, म्हणजे अजमोदा आच बंद केल्यावर घातलेला. उकळत ठेवला की तो शेवाळी होतो आणि चव गवतासारखी लागते.

हे सगळं मी इतक्या बारकाईने बघत होते, आणि तेव्हाच कळायला हवं होतं. मी जसं शेजारच्या सॉसच्या रंगावरून स्वयंपाकघरात काय झालं ते वाचत होते, तसंच आत कुणीतरी माझी ताटली वाचत असणार.

ते ठिकाण आठ टेबलांचं. आत फार तर तीन माणसं. अशा स्वयंपाकघरात परत आलेली ताटली सरळ भांडी घासायच्या टाकीत जात नाही, आधी कुणीतरी तिच्याकडे बघतं. बटाटे राहिले तर वाढप जास्त झालं. सॉस राहिला तर सॉसमध्ये काहीतरी आहे. अर्धा बाकस्कुल राहिला, तर कुणीही एकच अर्थ लावेल: खारट झाला. आणि मी "छान होता" म्हटल्याने तो अर्थ पक्काच झाला, कारण इथे लोक खारट असलं तरी छान होता असंच म्हणतात. उद्या त्या खेपेतले उरलेले मासे परतण्याआधी कुणी जास्त वेळ पाण्यात ठेवले तर? धुराचा वास निम्मा जाईल, मांस फुगेल, तव्यावर पाणी सोडेल, आणि उद्याच्या पाहुण्याला बेचव मासा मिळेल. चूक नव्हतीच, तिची दुरुस्ती मात्र होईल.

बहुतेक मला टोचतंय ते हेच. टाकलं हे नाही. माझ्या ताटलीने आत चुकीचा निरोप नेला, हे.

त्या बाईंचा प्रश्नही नुसता रीतीचा नव्हता. ते ठिकाण क्रो आहे, म्हणजे वाटेवरची जुन्या पद्धतीची खाणावळ-सराई. १२८३ साली एरिक क्लिपिंग राजाने राजमार्गांवर क्रो उभारायचा हुकूम काढला, वाटसरूला रात्री छप्पर मिळावं म्हणून. पुढे काही क्रोंना राजाच्या सनदा मिळाल्या: बिअर करा, दारू गाळा, पाव भाजा, विका, पण दारात आलेल्याला बिछाना आणि जेवण द्यायचं, त्याच्या घोड्यालाही जागा द्यायची. फानोवरचा सोनरहो क्रो १७२२ सालापासून उभा आहे. राजाची सनद असल्याचं सांगणाऱ्या पाट्या कित्येक क्रोंच्या भिंतींवर अजून आहेत. घोडे गेले, पण आलेल्याचं पोट भरलं की नाही हे विचारणं त्या पाटीबरोबर उरलं असावं. आणि डॅनिशमध्ये आता अहो-जाहो जवळजवळ उरलेलं नाही. त्या बाई माझ्या आईच्या वयाच्या, "तुला नाही आवडला?" म्हणाल्या तेव्हा ते थेट घरातलं वाटलं. आई असती तर तिनेही... असो.

रुबार्बबद्दल दोन ओळी, कारण ते विसरायचं नाही. पाणी अजिबात न घालता, दोन सेंटीमीटरचे तुकडे, साखर आणि व्हॅनिला, ओव्हनमध्ये झाकून. ढवळायचं नाही. ढवळलं की तंतू सुटतात आणि लगदा होतो. आजचे तुकडे अखंड होते आणि चमच्याने दाबले की मोडत होते. सोबत न गोड केलेली साय.

आता बारा वाजून गेले. दादाचा राग येत होता तो ओसरला. त्याला तिकडे झोप येत नव्हती म्हणून त्याने फोन केला, मला आता इकडे येत नाही. अकरा मिनिटं बोललो हे बरंच झालं. गेल्या वर्षभरात एवढं बोललो नव्हतो. त्या अकरा मिनिटांची किंमत अर्धा मासा असेल, तर ती मी दिली. मासा निवणारच होता. गरम अन्न माणसासाठी थांबत नाही, आणि त्याने थांबावं असं मला का वाटावं?

पण निरोप दुरुस्त करता येईल. रविवारी दुपारच्या जेवणासाठी ते लवकर उघडतात, मासे त्याआधीच बाहेर काढत असतील. दहाला फोन करायचा. डॅनिश वाक्यं कागदावर लिहून ठेवली आहेत, म्हणजे ऐनवेळी अडखळायला नको. मी काल खिडकीजवळ एकटी बसले होते ती. मासा खारट नव्हता, मीठ अगदी बरोबर होतं. मी बाहेर फोनवर होते आणि तो थंड होऊ दिला.