सात पाचच्या बातम्या

आमच्या घरात रेडिओ कान देऊन ऐकणारे एकटे आजोबा. बाकीच्यांच्या तो कानावर पडायचा. माझं मत विचाराल तर रेडिओची खरी मजा या कानावर पडण्यातच होती.

आजोबांचा रेडिओ व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं तरी आतलं सगळं तापेपर्यंत साहेब तोंड उघडत नसत. भिंतीवर जाळीच्या पट्टीची एरियल, कपाटात लायसनचं पुस्तक. हो, घरी रेडिओ ठेवायला लायसन लागायचं आणि त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरायचे. ही भानगड ऐंशीच्या दशकात संपली. १९५५ साली पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं तेव्हा लोक रेडिओला हार घालत, असं सांगतात. आमच्या आजीने हार घातला नाही, भरतकामाचा पडदा शिवला. बातम्यांना तो वर जायचा, बातम्या संपल्या की खाली.

आईच्या राज्यात ट्रान्झिस्टर आला आणि थेट स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला. घरात घड्याळ होतं, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. आकाशवाणीची ती सकाळची धून लागली की दूध गॅसवर. (ती धून १९३४ साली युरोपातून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची मानली जाते. आमच्या दुधाला याचा पत्ता नव्हता.) मग ‘इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्’. एवढं संस्कृत घरात सगळ्यांना पाठ, पुढचं अवाक्षर कळत नसे, पण तोवर आंघोळ उरकलेली हवी. सात पाचला पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायला लागल्या की बाबांची दाढी झालेली हवी, आणि त्या संपेपर्यंत डबा बांधलेला. धरणात पाणी किती, विधानसभेत कोण काय म्हणालं, हे आम्हाला पोळ्यांच्या वासासकट कळायचं.

दुपारी विविध भारती. गाणं आपण निवडायचं नाही, लागेल ते ऐकायचं. त्यामुळे न आवडणारी कितीतरी गाणी मला शब्दांसकट येतात.

भाचीच्या मोबाइलवर आता आकाशवाणीचं ॲप आहे. परवा तिने तिच्या आजीला, म्हणजे आमच्या आईला, सकाळच्या बातम्या लावून दिल्या आणि मध्येच फोन आला म्हणून थांबवल्या. फोन झाल्यावर जिथे सोडल्या तिथून पुढे सुरू. आई चकित होईल असं आम्हाला वाटलं होतं. ती वैतागली.

“बातम्या थांबवतात का कुठे? मग वाजले किती ते कळणार कसं?”